यार्डातल्या जुन्या गाडीचा भाव कसा करावा

जुनी गाडी घ्यायला गेलेला नवखा माणूस यार्डात शिरल्या शिरल्या विचारतो, "शेवटचं किती होईल?" समोरचा हसून दहा-पंधरा हजार कमी सांगतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आपण भाव केला. ते दहा-पंधरा हजार काचेवर चिकटवलेल्या आकड्यात आधीच धरलेले असतात. "काहीतरी कमी करा" म्हणणाऱ्याला काहीतरीच कमी मिळतं. "टायर वीस हजार, क्लच बारा हजार, विमा अकरा हजार" असं म्हणणाऱ्याशी मात्र डीलरला आकड्यांत बोलावं लागतं. घासाघिशीची निम्मी मेहनत म्हणून यार्डाबाहेरच होते.

खालचं सगळं पुण्याचा बाजार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. नाशिक, नागपूर, कोल्हापूरला आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, रीत तीच. बोलायला सोपं जावं म्हणून एकच गाडी घेऊ: पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय, एमएच-१२ पासिंग, फेब्रुवारी २०१९ ची नोंदणी, मीटरवर ६२ हजार, काचेवर किंमत ५ लाख १० हजार. गाडी आणि तिचे आकडे हिशेब समजण्यापुरते घेतलेत, आजचा बाजारभाव म्हणून धरू नका.

आधी हे कळू द्या: गाडी कुणाची उभी आहे?

यार्डातल्या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. काही डीलरने स्वतः पैसे मोजून घेतलेल्या, म्हणजे स्टॉकच्या. काही मूळ मालकाने नुसत्या आणून लावलेल्या, ज्यांना 'पार्क अँड सेल' किंवा सरळ 'पार्किंगची गाडी' म्हणतात. तिथे डीलर कमिशनवर असतो. दोन्ही ठिकाणी भाव वेगळ्या पद्धतीने हलतो, त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: "गाडी तुमच्या खरेदीची की पार्किंगची?" बहुतेक जण सरळ उत्तर देतात.

स्टॉकच्या गाडीत त्याचे पैसे अडकलेले असतात, पुष्कळदा व्याजाने आणलेले. गाडी जितकी जास्त दिवस उभी, तितका तो मऊ. किती दिवस उभी आहे हे तो सांगणार नाही, गाडी सांगते. सेल मारताना बॅटरी कण्हते का, टायरखाली पाल्याचा थर साचलाय का, उभ्या उभ्या विमा संपलाय का, तीच जाहिरात दोन महिन्यांपूर्वीही दिसत होती का, हे बघा.

पार्किंगच्या गाडीत मालकाने एक आकडा सांगितलेला असतो आणि त्यावरचं सगळं डीलरचं. इथे "मालकाला विचारावं लागेल" हे वाक्य हमखास येणार. त्यावर "विचारा" म्हणून घरी जाऊ नका. "आत्ता फोन लावा, या भावात आज इसार देतो" असं म्हटलं की तोच मालकाची समजूत काढायला लागतो, कारण त्याचं कमिशन सौदा झाल्यावरच सुटतं.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद आहे. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र, म्हणजे फॉर्म २९बी, असावं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून ते सरकारी पोर्टलवर कळवायचं, आणि तिथून पुढे डीलर त्या गाडीचा मालक समजला जातो. हे दोन कागद बघायला मागा. त्याच्याकडे नसतील तर तो लगेच लबाड ठरत नाही, पण मग नावावर करताना मूळ मालकाच्या सह्या आणि ओटीपीसाठी तुम्हीच धावणार. ती कटकट भावात मोजून घ्यायची.

डीलरची कमाई चार ठिकाणी होते: गाडीवरचा नफा, कर्ज लावून दिल्याचं कमिशन, विम्याचं कमिशन आणि ट्रान्सफरचे 'चार्जेस'. एका खिशातून वीस हजार सोडून दुसऱ्या खिशात पंचवीस हजार घालणं त्याला सहज जमतं. म्हणून भाव नेहमी एका एकूण रकमेचा करायचा: गाडी तुमच्या नावावर होऊन आरसी हातात पडेपर्यंत लागणारे सगळे पैसे.

घरी बसून काढायचा आकडा

तेच मॉडेल, तोच व्हेरिएंट, तेच साल, तेच इंधन, आपल्याच शहरात, अशा दहाएक जाहिराती उतरवून घ्या. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची खोडा. उरतात ते मागणीचे भाव, विक्रीचे नव्हेत. मी त्यातून पाच-सात टक्के काढून टाकतो. आपल्या स्विफ्टसाठी समजा जाहिराती ४.६५ ते ५.१० लाखांच्या दिसल्या, तर सौदे ४.४० ते ४.८० च्या आसपास होत असणार.

याहून कामाची युक्ती उलट्या बाजूची. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या वेबसाइटवर 'गाडी विकायची आहे' या भागात जाऊन याच गाडीचं वर्णन टाका. जो आकडा येईल तो खरेदीचा भाव. समजा ४.१० आला. म्हणजे डीलरनेही साधारण तेवढ्यालाच घेतली असणार. वर पॉलिश, किरकोळ डेंटिंग-पेंटिंग, जागेचं भाडं आणि त्याचा नफा. ४.५५ लाही त्याचं पोट भरतं, हे तुम्हाला त्याच्यासमोर बसण्याआधी माहीत पाहिजे.

नव्या गाडीची आजची किंमतही बघून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. (पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत.) नवी गाडी स्वस्त झाली की जुनीने जुन्या भावात राहण्याचं कारण उरत नाही. तरी "नवीन घ्यायला गेलात तर साडेनऊ लागतील" असं जुना आकडा धरून ऐकवणारे भेटतात. मोबाइलवर शोरूमचा आजचा ऑन रोड भाव उघडून ठेवलेला असला की पुढचं बोलणंच लागत नाही.

विम्यातली आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, हाही एक टेकू. पहिल्या पाच वर्षांसाठी तिची घट ठरलेली असते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. आपली स्विफ्ट त्यापलीकडे गेली, तेव्हा "आयडीव्हीच पाच लाख आहे" या बोलण्याला फारसा अर्थ नाही.

आता कागदावर तीन आकडे लिहा: पहिली बोली ४.२०, मनातला भाव ४.५०, आणि काही झालं तरी ओलांडायची नाही अशी हद्द ४.६५, सगळं धरून. हद्दीचा आकडा सोबत येणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. यार्डात पॉलिश केलेल्या बॉनेटवर ऊन चमकत असताना माणसाची हद्द सरकते, आणि लहान मुलं बरोबर असतील तर संपलंच. "बाबा, हीच घेऊ या ना" हे वाक्य डीलरने ऐकलं की समजा पंचवीस हजार गेले.

कागद आधी, गाडी नंतर

फोनवरच गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अॅपवर किंवा वाहन पोर्टलवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची आणि पीयूसीची मुदत, बोजा (गाडीवरचं कर्ज) आहे का, हे घरी बसल्या कळतं. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या यार्डात जाऊच नका.

आरसीवर दोन तारखा असतात आणि नवखी माणसं एकच बघतात. एक नोंदणीची, दुसरी गाडी बनल्याचा महिना-वर्ष. आपली स्विफ्ट फेब्रुवारी २०१९ ला नोंदली, पण बनली डिसेंबर २०१८ मध्ये. डीलर तिला '१९ चं मॉडेल' म्हणणार. तुम्ही उद्या विकायला काढाल तेव्हा हाच डीलर तिला '१८ चं' म्हणेल. हे हसत हसत बोलून दाखवायचं.

शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीमुळे तिला महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसवून घेणं आलं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे नऊशेच्या आत. रक्कम किरकोळ, पण पाटी नसली तर नावावर करण्याचं काम आरटीओत अडतं. "पाटी तुम्ही बसवून द्या" एवढंच सांगा.

कितवा मालक, हे आरसीवर असतं. 'सिंगल हँड' आणि तिसऱ्या हातातली गाडी यांच्या भावात चांगलाच फरक पडतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मोठी रक्कम सोडायची नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवरही नंबर टाका. तीन-चार हजारांचं थकलेलं चलान सहज निघतं आणि ते विकणाऱ्यानेच भरायचं.

विम्याची पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यावरची सूट, वाचा. कुणी फारसं बघत नाही, पण ही ओळ बोलकी असते. सलग क्लेम न घेतल्यास हा बोनस २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. सहा-सात वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीवर २० टक्के दिसले, तर अलीकडेच एखादा क्लेम झाला असणार. "नॉन अॅक्सिडेंट गाडी आहे" म्हणणाऱ्याला शांतपणे विचारायचं, "मग क्लेम कशाचा होता?" (बोनस राखण्याचं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तर मात्र हा अंदाज चुकू शकतो, आणि बोनस ५० असला म्हणजे स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केलीच नाही असंही नाही.)

पासिंग वाचायला शिका. एमएच-०८ किंवा एमएच-०७, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाची गाडी किनाऱ्याजवळ वापरलेली असेल तर खालून गंज बघायचाच. मुंबईच्या गाडीचे किलोमीटर कमी असतात, पण ते अर्धवट क्लचवर काढलेले. परराज्यातली गाडी, विशेषतः दिल्लीची, डोळ्यांत भरण्याइतकी स्वस्त दिसते. तिला फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं लागतं. तो खर्च मिळवून बघितला की स्वस्ताई बरीचशी उडते.

गाडी बघताना वही उघडी ठेवा

आपला ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. हजार-दोन हजार घेईल, पण त्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचं वजन तुमच्या दहा वाक्यांएवढं असतं. सकाळी जा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट असेल तर इंजिन तुमच्या येण्याआधीच गरम करून ठेवलंय, आणि थंड इंजिनाचं दुखणं तेव्हाच कळतं जेव्हा ते थंड असतं. निळसर धूर ऑइलचा, सतत पांढरा धूर कूलंटचा.

वहीत डाव्या बाजूला दोष, उजव्या बाजूला रुपये. दोष मोठ्याने बोलायचे नाहीत, नुसते लिहायचे. तुम्ही काहीतरी लिहिताय, एवढ्यानेच डीलर अस्वस्थ होतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '४७१८' म्हणजे २०१८ चा ४७ वा आठवडा. आपल्या स्विफ्टला मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही उरलेली असो, बदलायला आले. चार टायर, साधारण वीस हजार. याच आकड्यांतून मीटरही तपासता येतो: मीटरवर २८ हजार आणि टायर मात्र एकदा बदललेले, असं असेल तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवर हात धरायची जागा, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड याही खोटं बोलत नाहीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी डीलरला काढून द्यायला सांगा. त्यात प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर असतात.

क्लच चढावर तपासा, एसी लावून. पेडल फार वरून धरत असेल, जड असेल, तर क्लच प्लेटचे दहा-बारा हजार वहीत. बॅटरी बदलायची असेल तर तिचे पाच. विमा तीन आठवड्यांत संपतोय, अकरा. दाराचे, पुढच्या फेंडरचे नटबोल्ट बघा. रंग उडालेला किंवा पान्याच्या खुणा असतील तर तो भाग उघडलेला आहे. नुसता बंपर आणि फेंडर रंगवणं पुण्यात कुणाचंही चुकत नाही, त्याचा बाऊ करू नका.

काही गोष्टींचे मात्र रुपये लिहायचेच नाहीत, वही मिटायची. चेसिसवर, पिलरवर वेल्डिंग. चेसिस नंबर खरवडलेला. आरसीवर पेट्रोल आणि डिकीत सीएनजीची टाकी. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१ मध्ये चिपळूणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या साफ होऊन दुसऱ्या शहरांतल्या बाजारात उतरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरचा भाग चकचकीत आणि आतला मातकट निघतो. स्टेपनीखालची खळगी, सीटचे रूळ, हेडलाइटच्या आतली ओल बघा. सगळ्या काचा बंद करून दोन मिनिटं आत बसा आणि वास घ्या. अशी गाडी निम्म्या किमतीतही महाग पडते.

बोलणी

वहीतली बेरीज झाली: टायर २०, क्लच १२, विमा ११, एकूण ४३ हजार. आता बसायचं. खरेदीला बाई गेली असेल तर "साहेब येणार आहेत का?" हा प्रश्न अजूनही येतो. "मीच ठरवणार" एवढं उत्तर पुरे. उलट या गैरसमजाचा फायदाच होतो, समोरचा गाफील राहतो.

डीलरचा पहिला प्रश्न असतो, "तुमचं बजेट किती?" सांगायचं नाही. दुसरा, "महिन्याला हप्ता किती झेपेल?" तोही नाही. "आधी गाडीचं बोलू" म्हणायचं. पुढचं साधारण असं जातं:

"बोला ताई, आवडली ना? पाच दहा लिहिलंय, पाच करून टाकू."

"गाडी बरी आहे, दादा. टायर मूळचेच आहेत, २०१८ चे. क्लच वर आलाय. विमा पुढच्या महिन्यात संपतोय. हे बघा, त्रेचाळीस हजार मला घेतल्या घेतल्या घालावे लागतील. गाडी बनलीय डिसेंबर अठराची. मी चार वीस देईन, नावावर करून."

"चार वीस? ताई, एवढ्यात तर आमची खरेदीपण नाही!"

इथे गप्प बसायचं. ही जागा फार महत्त्वाची आहे आणि नवखी माणसं नेमकी इथेच घसरतात. शांतता सहन होत नाही म्हणून आपणच "बरं, चार चाळीस" बोलून जातो, म्हणजे समोरच्याने काहीही न सोडता आपण वीस हजार वर चढलो. चहा आला असेल तर चहा प्या. वहीकडे बघा. पुढचा आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या.

"बरं, तुमच्यासाठी चार पंचाण्णव."

"चार पस्तीस."

"नाही हो ताई... चार ऐंशी, शेवटचं. आणि खरं सांगू, संध्याकाळी एक पार्टी टोकन घेऊन येतेय."

"मग त्यांनाच द्या दादा, माझी काही जबरदस्ती नाही. मला दुसरीकडे एक बघायचीच आहे."

संध्याकाळची पार्टी कधी कधी खरीही असते. असली तर असू दे. पुण्यात पांढऱ्या स्विफ्टचा तुटवडा नाही.

मग येतं ते ठरलेलं वाक्य, "तुमचं नको, माझं नको, मधे करू." ऐकायला न्याय्य वाटतं. पण मधला आकडा कुठे पडतो हे दोघांनी सुरुवात कुठून केली त्यावर ठरतं. तुम्ही पहिल्यांदाच ४.५० म्हणाला असता तर ५.१० शी मधे ४.८० आला असता. ४.२० ने सुरुवात केल्यामुळे तोच मध्य ४.६५ वर येतो. पहिली बोली खाली ठेवायची ती यासाठी, पण तिच्यामागे वही हवी. काही कारण न देता तीन लाख म्हणणाऱ्याला डीलर गिऱ्हाईकच समजत नाही आणि पुढे खरं बोलत नाही.

शेवटी दोघे जवळ येऊन अडतात. तो ४.६५ वर, तुम्ही ४.५५ वर. रोख रक्कम हलायची थांबली की वस्तू मागा. डीलरला टायर, बॅटरी, क्लचचं काम तुमच्यापेक्षा स्वस्तात पडतं, म्हणून दहा हजार सोडणं त्याला जड जातं पण "पुढचे दोन टायर नवे घालून देतो" म्हणणं जड जात नाही. "चार साठ, नावावर करून, पुढचे दोन टायर नवे, एचएसआरपी आणि पीयूसी तुमच्याकडे." हद्दीच्या आत आहे, सौदा करायला हरकत नाही. नाही जमलं तर फोन नंबर ठेवून उठा, खरोखर उठा. पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी फोन येतो. नाही आला, तर ४.६५ च्या वर जाण्याइतकी ती गाडी तुमची नव्हती.

वेळही बघा. पितृपक्षात गिऱ्हाईक रोडावतं. तुम्हाला पंचांगाची अडचण नसेल तर भाव करायला त्या पंधरवड्यासारखी वेळ नाही. दसरा-दिवाळीत नव्या गाड्या सुटतात, एक्स्चेंजमध्ये आलेल्या जुन्या गाड्यांनी त्यानंतर यार्डं भरतात, आणि डिसेंबरात "जानेवारीत ही एक वर्षाने जुनी होणार" हे आयतं वाक्य तुमच्या हाती असतं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मात्र फार काही सुटेल अशी आशा नको.

हप्ता, जुनी गाडी, जीएसटी

गाडीचा भाव कागदावर उतरेपर्यंत कर्जाचा विषय काढू नका. डीलर हप्त्याच्या भाषेत बोलायला लागला की एकूण आकडा धूसर होतो. चार लाखांचं कर्ज, १३ टक्के व्याज: पाच वर्षांचा हप्ता साधारण ९,१०० बसतो, सात वर्षांचा ७,२७५. "महिन्याला अठराशे वाचले" असं सांगतात. एकूण फेड बघितली तर पाच वर्षांत ५ लाख ४६ हजार, सातमध्ये ६ लाख ११ हजार. म्हणजे पासष्ट हजार जास्त. जे पन्नास हजार तुम्ही घसा कोरडा करून वाचवले ते इथे परत गेले. आपल्या बँकेतून व्याजदर आधी विचारून ठेवा, मग डीलरचा कमी असेल तर खुशाल घ्या.

तुमची जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा भाव सगळ्यात शेवटी, वेगळा.

"जीएसटी वेगळा लागेल" असं कुणी म्हणालं तर हिशेब मागा. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. ४.१० ला घेऊन ४.६० ला विकली तर फरक पन्नास हजार, त्यावर कर नऊ हजार. तो त्याच्या नफ्यातून जातो. ४.६० वर १८ टक्के लावून ८३ हजार मागणारा एकतर अडाणी, नाहीतर तुम्हाला तसं समजणारा.

इसार आणि नावावर करणं

इसार पाच-दहा हजारांचा, यूपीआयने किंवा बँकेतून, आणि लेखी पावतीवर: गाडीचा नंबर, ठरलेली एकूण रक्कम, त्यात काय काय धरलंय, कागदात अडचण निघाली तर इसार परत. "आपल्यात लिहून कशाला?" असं म्हणणाऱ्याकडून तर लिहून घ्याच. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्याला चालत नाही, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच. पाच-दहा टक्के रक्कम आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवायचं बोलणं करून बघा. सगळे ऐकत नाहीत, काही ऐकतात.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या दिसल्या पाहिजेत. ऑनलाइन प्रक्रियेत मूळ मालकाच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागू शकतो, म्हणून तो माणूस फोनवर सापडतोय ना, हे पैसे देण्याआधी बघा. घेणाऱ्याने गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ताबा घेताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेलं डिलिव्हरी लेटर घ्या, दोघांच्या सह्यांचं. त्या वेळेआधीचं चलान किंवा अपघात कुणाच्या माथी, हा वाद मग उरत नाही.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल. हा फरक आणि नव्या पॉलिसीचा हप्ता डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही, दोन-तीन ठिकाणी ऑनलाइन विचारून बघा. आणि काचेवरचा जुना फास्टॅग त्याच्याकडून बंद करवून घ्या. नाहीतर खालापूरच्या टोलनाक्यावर तुमची गाडी आणि त्याचे पैसे, असा घोळ होऊन रात्री त्याचा फोन येतो.